शेंदूर लावलेला धोंडा

कोणाच्या आजोबांनाही जिचं साल सांगता येत नाही, इतक्या मागची ही गोष्ट आहे. तेव्हा इथे संस्थानचं राज्य होतं, घोगरी नदीवर पूल नव्हता, आणि नदीच्या दोन काठांवरची दोन गावं दिवसभर एकमेकांकडे बघत बसायची. या काठाला आमचं वाकणे, त्या काठाला शिंदोळी. पेठेच्या बाजाराला जायला दोन्ही गावांचा आपापला गाडीरस्ता होता. त्यांचा त्या काठानं, आपला या काठानं.

वाकण्यात बायजाक्का नावाची बाई होती. ज्या घरानं गाव वसवलं, त्या घरातली ती थोरली. नवरा लवकर गेलेला. एक मुलगा म्हाळू आणि त्याची बायको भिवरा, एवढंच घर. बायजाक्का अंगानं उंच, आवाजानं भारी, आणि तिचे डोळे फार पाणीदार होते. ही गोष्ट त्या डोळ्यांचीच आहे.

बायजाक्का मत्सरी होती. आम्ही हे निंदा म्हणून सांगत नाही. एखादा माणूस उंच होता किंवा सावळा होता असं जसं सांगतात, तसं सांगतो. शेजारणीच्या म्हशीनं दूध जास्त दिलं की हिच्या पोटात कळ यायची. कोणाच्या वेलाला मोठा दुधी लागला की ही वाट वाकडी करून रोज तो बघून यायची. एकदा शेजारची कोंडाबाई तापानं फणफणली होती. बायजाक्कानं तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "माझा ताप कधी एवढा चढला न्हाई. हिचं नशीबच थोर."

आणि तिनं मनापासून हेवा केला की ती वस्तू टिकत नसे. वाळत घातलेले पापड तडकायचे. नवा माठ गळायला लागायचा. नजरेनं दगड फुटतो असं जे बोललं जातं, ते बायजाक्काला बघूनच पहिल्यांदा कोणीतरी बोललं, असं वाकण्यात म्हणतात.

तरी गाव तिच्यावर चिडत नव्हतं. कारण तिचा सगळ्यात मोठा मत्सर शिंदोळीवर होता, आणि त्या मत्सरावर वाकणे उभं राहिलं होतं. शिंदोळीनं देवळाला घंटा बांधली तेव्हा बायजाक्कानं घरोघर फिरून पितळेची मोडकी भांडी गोळा केली आणि त्याहून मोठी घंटा ओतून घेतली. शिंदोळीनं पाणवठ्याला पायऱ्या केल्या, तर तिनं आपल्या पाणवठ्याला पायऱ्या आणि वर बसायला कट्टा करून घेतला. म्हणून गावानं तिला एक मान दिला होता. नवा भात निघाला की पहिलं ताट हलगी वाजवत तिच्या दारात जायचं. तिनं एक घास खाल्ला की मग गाव जेवायचं.

एका श्रावणात घोगरीला असा पूर आला की तसा आधी कोणी बघितला नव्हता. पाणी ओसरलं तेव्हा दोन्ही काठांचे रस्ते उरले नव्हते. शिंदोळीच्या रस्त्याची माती वाहून जागोजाग खोल खांडी पडल्या होत्या. वाकण्याच्या रस्त्यालाही तशाच खांडी पडल्या, आणि त्याशिवाय डोंगराची दरड कोसळून घराएवढा एक काळा धोंडा रस्त्याच्या ऐन मध्यावर येऊन बसला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी. माणूस अंग चोरून पलीकडे जाई, पण गाडी काही जात नव्हती.

मोडलेल्या रस्त्यांसाठी संस्थानानं खजिन्यातून पैसा काढला. पण पैसा थोडा आणि मोडलेले रस्ते फार. म्हणून असं ठरलं की बांधकाम खात्याच्या साहेबानं गावोगाव जाऊन रस्ते स्वतः बघावेत, आणि जिथे जास्त मोडलं असेल तिथे आधी पैसा द्यावा. गौरी-गणपती उरकले की साहेब येणार, अशी दवंडी पिटली. आज शिंदोळी, उद्या वाकणे.

वाकण्यानं यातलं एकच ऐकलं. साहेब रस्ता बघायला येणार.

चावडीपुढे गाव जमलं. पाटील म्हणाला, "अक्का, मोडलाय तसा दाखवू या की. त्यापायीच येतोय त्यो."

बायजाक्का म्हणाली, "पोरगी बघायला पाव्हणं आलं, की तिचं वाकडं बोट पुढं करतोस व्हय रं?"

पाटलाला तीन मुली होत्या.

"शिंदोळीची माणसं आळशी," बायजाक्का म्हणाली. "त्यांचा रस्ता साहेब बघंल आणि नाक मुरडंल. मग आपला बघंल. ज्यास्नी रस्ता राखता येतो, पैसा त्यास्नीच द्यावा, असं त्याच्या मनात आलं पायजे. त्या काठापरास आपलं एक पाऊल पुढं दिसलं पायजे."

सगळ्यांना ते पटलं. आजही वाकण्यातल्या कोणाला विचारा, तेव्हा आपल्यालाही ते पटलं असतं असंच तो सांगेल.

सारं गाव राबलं. खांडींमध्ये फांद्या आणि भाताच्या पेंढ्याचं पिंजर भरलं, वर माती लोटली, मातीवर शेणसडा घातला आणि बायकांनी रांगोळ्या काढल्या. राहिला धोंडा. तो हलत नव्हता आणि झाकतही नव्हता. तेव्हा बायजाक्का स्वतः वाटीत तेल-शेंदूर कालवून घेऊन गेली. तिनं धोंड्याला शेंदूर फासला, झेंडूची माळ घातली, पुढे नारळ ठेवला. कुरूप दरड दिसण्यापेक्षा देव दिसलेला बरा.

साहेब आला. आदल्या दिवशी शिंदोळीच्या खांडीत त्याची गाडी उलटली होती आणि त्याच्या कोटाच्या बाहीवर अजून चिखल होता. धोंड्यापाशी वाकण्याचे लोक हलगी घेऊन उभेच होते. गाडी देवाच्या मानासाठी थांबवली असं साहेबाला वाटलं. त्यानं जोडे काढले, धोंड्याला प्रदक्षिणा घातली, हात जोडले. पुढे त्याला पायघड्यांवरून गावात आणलं. पायघड्यांखाली पिंजर होतं, ते त्याच्या अनवाणी पायांना मऊ लागलं. त्याला पुरणपोळी वाढली. जाताना तो म्हणाला, "असा रस्ता आणि अशी माणसं मी या पुऱ्या दौऱ्यात पाहिली नाहीत."

बायजाक्का त्या दिवशी फार सुखात होती. तिचं तेवढं सुख परत कोणी बघितलं नाही, असं म्हणतात.

पैसा शिंदोळीला मिळाला.

पाटील चालत राजधानीला गेला. कचेरीत त्याला सांगितलं, "तुमच्या रस्त्याबद्दल साहेबांचं मत फार चांगलं आहे. चांगल्या रस्त्याला पैसा कशाला लागतो?" तो तसाच परत आला.

मग त्या काठाला काम सुरू झालं, आणि ते सगळं या काठावरून दिसत होतं. सरकारी गाड्या खडी ओतत होत्या. सुरुंगाचे बार निघत होते आणि त्यांचा धूर नदीवरून आपल्या गावात येत होता. बैलांच्या जोड्या लावून एक मोठा दगडी रूळ ओढत होते. तो फिरला की मागे रस्ता जात्याच्या दगडासारखा सपाट दिसायचा. बायजाक्का सकाळी भाकरी बांधून नदीवर जायची आणि अंधार पडेपर्यंत त्या रुळाकडे बघत बसायची. तिच्या बघण्यानं रुळाचा आस दोनदा मोडला, असं म्हणतात. दोन्ही वेळा सरकारनं नवा दिला, आणि तिचा जीव आणखीच जळला.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. त्या कामावर मजुरी मिळत होती, आणि वाकण्याचे तरणे गडी नावेनं पलीकडे जाऊन शिंदोळीच्या रस्त्याची खडी फोडत होते. त्यात म्हाळूही होता. तो तिन्हीसांजेला पांढऱ्या धुळीनं माखून घरी यायचा. बायजाक्का ती धूळ बघायची आणि तोंड फिरवायची.

"पायावरची झटकून ये," ती म्हणायची. "त्यांचा रस्ता माझ्या घरात नको."

हळूहळू वाकण्याची हिंमत गेली. गाडी बाजारापर्यंत पोचेना. गूळ, भात, सगळं डोकीवरून धोंड्यापलीकडे न्यायचं आणि तिथून भाड्याची गाडी करायची. शिंदोळीनं रस्त्याकडेला घरासाठी जागा द्यायला सुरुवात केली. आधी सुताराचं घर नदीपलीकडे गेलं. मग लोहाराचं गेलं. गाडी नसलेल्या गावात लोहारानं काय करावं?

गावानं धोंडा फोडायचंही मनावर घेतलं. शिंदोळीच्या कामावरच्या वडारांचा म्होरक्या यल्लाप्पा, त्याला बोलावून आणलं. त्यानं धोंड्याभोवती फेरी मारली, हात लावून बघितला, आणि हातोडा खांद्यावरून उतरवलाच नाही.

"शेंदूर कुणी लावला?" त्यानं विचारलं.

"मी," बायजाक्का म्हणाली. "पण त्यात देव न्हाई. नुसतं दाखवायपुरतं हुतं."

"माळ घातली, नारळ ठेवला, सरकार पाया पडलं," यल्लाप्पा म्हणाला. "मग आला असंल की देव. आमी पोराबाळांची माणसं, आई. आमी न्हाई हात टाकणार."

तो गेला. गावातल्या कोणाचाही मग हात होईना.

एके दिवशी जेवताना म्हाळू म्हणाला, "आये, शिंदोळीत मी जागा बघितलीया. रस्त्याला लागून हाय. दिवाळी झाली की जाऊ."

बायजाक्काचा घास हातात राहिला. "कोण जाणार?"

"आपण तिघंबी."

"मी त्यांच्या रस्त्यानं चालायच्या आधी माझं पाय मोडू देत," ती म्हणाली.

"मग तू राहा," म्हाळू म्हणाला, आणि बोलून झाल्यावर त्यालाच ते बोलणं खुपलं. पण त्यानं ते मागे घेतलं नाही.

आता भिवराचं ऐका. भिवराचं माहेर शिंदोळीतच होतं. सासू तिला रोज टोमणा मारी, "झाला का तुझ्या माहेरचा राजरस्ता?" म्हणून सगळ्यांना वाटलं, ही आनंदानं जाईल. पण भिवराला जायचं नव्हतं. तिच्या भावजयीला सोन्याच्या पाटल्या होत्या आणि ती त्या उगाच वाजवायची. "माहेरी चार दिवस पाव्हणी म्हणून जाते तवा पाटावर बसवत्यात," भिवरा कोंडाबाईला म्हणाली. "कायमची गेले तर तिच्या पाटल्या ऐकत तिची भांडी घासीन. मला वाकणंच बरं." सासूचं पाणी सुनेलाही लागलं होतं.

भिवरा हुशार होती. सासूच्या डोळ्यांनी पापड तडकतात, माठ गळतात, हे तिनं घरात राहून बघितलं होतं. पण बायजाक्का धोंड्याकडे रोज बघायची तरी त्याला काही होत नव्हतं, कारण ती त्याच्याकडे रागानं बघायची. रागानं दगड फुटत नाही. हेवा वाटावा असं त्या धोंड्यापाशी काही नव्हतं.

भिवरानं ते त्याच्यापाशी नेऊन ठेवलं.

आधी तिनं कोंडाबाईला पढवलं. कोंडाबाई पाणवठ्यावर म्हणाली, "मी धोंड्याला नवस बोलले आणि माझी पाठ दुखायची राहिली." मग दुसरीला गुण आला. मग तिसरीची हरवलेली शेळी सापडली. पूर्वी गावात काही झालं की बायका बायजाक्काच्या ओसरीला यायच्या, आता तिच्या दारावरून ताम्हण घेऊन धोंड्याकडे जायला लागल्या. पाटीलही एक दिवस तिला न विचारता गेला. बायजाक्का ओसरीवर बसून बघायची आणि म्हणायची, "येडी माणसं. मीच लावलाय त्यो शेंदूर." पण ती हे दिवसातून फार वेळा म्हणायला लागली.

मग नवा भात निघाला. बायजाक्कानं इरकली लुगडं नेसलं, नथ घातली, ओसरी सारवली आणि पाटावर बसून वाट बघत राहिली. लांबून हलगी वाजत आली. पहिलं ताट भिवराच्या डोक्यावर होतं. वाफ येत होती. हलगी दारापाशी आली, दारापाशी जरा वाजली, आणि पुढे गेली.

बायजाक्का उठली. "भिवरे, घर मागं राहिलं," ती म्हणाली.

भिवरा थांबली नाही. जाता जाता म्हणाली, "आत्याबाई, यंदापासनं पहिलं ताट देवाला ठरलंय. तुमचं मागनं आणते की."

त्या वेळी बायजाक्काचं तोंड जसं झालं, तसं तोंड देवळातल्या कुठल्या दैत्याचंही नाही, असं म्हणतात. ती अनवाणी हलगीच्या मागे निघाली. सारं गाव धोंड्यापुढे उभं होतं. त्याला नवं लुगडं नेसवलं होतं. झेंडूनं तो झाकून गेला होता. भिवरानं ताट त्याच्यापुढे ठेवलं. म्हाळू पुढे झाला आणि गुडघे टेकून त्यानं धोंड्यावर डोकं ठेवलं. आईच्या पायावर तो नवरदेव झाला तेव्हा शेवटचा वाकला होता.

बायजाक्कानं ते बघितलं. तिनं ताटाकडे बघितलं, मग पोराच्या वाकलेल्या पाठीकडे, मग त्या काळ्या धोंड्याकडे. आणि जन्मात कशाचा केला नसेल असा तिनं त्याचा हेवा केला.

"म्हाळू, बाजूला हो," भिवरा ओरडली.

म्हाळू बाजूला झाला. आधी माळेतली फुलं काळी पडली. मग धोंड्याच्या पोटातून विहिरीत घागर आपटल्यासारखा आवाज आला. शेंदरावर एक रेघ उमटली, वरपासून खालपर्यंत गेली, आणि धोंडा फुटला. त्याचे दोन तुकडे झाले, दोनाचे अनेक झाले, आणि गुडघाभर दगडांचा ढीग रस्त्यावर पसरला. आत देव नव्हता. आत नुसता दगड होता.

कोणी म्हणतात, आदल्या दिवशी बायकांनी तिथे नवसाच्या चुली मांडल्या होत्या, दगड तापला होता आणि वरून अवकाळी सर आली. असेल. पण त्या दिवशी जे तिथे होते, त्यांनी आपल्या पोरांना पावसाबद्दल काही सांगितलं नाही.

मग म्हाळू खाली बसला, शिंदोळीच्या कामावरचा हातोडा त्यानं कमरेतून काढला आणि समोरचा दगड फोडायला लागला. बायजाक्का त्याच्या डोक्यापाशी उभी राहिली.

"त्यांच्या रस्त्याला बारीक फोडत हुतास," ती म्हणाली. "आपल्याला जाड का?"

म्हाळूनं तो दगड परत समोर घेतला आणि बारीक केला. शिंदोळीतल्या जागेचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

शिंदोळीचं काम पुरं झालं तेव्हा साहेब ते बघायला आला. पलीकडून त्याला दिसलं की वाकण्याचा देव जागेवर नाही. तो नावेत बसून इकडे आला.

"देव कुठे गेला?" त्यानं विचारलं.

"देव नव्हता, साहेब," पाटील म्हणाला. "दरड हुती."

"मग मला तेव्हाच का सांगितलं नाही?"

पाटील पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. बायजाक्काच म्हणाली, "तुमी जोडे काढलं, पाया पडलासा. मग कोणत्या तोंडानं सांगावं?"

साहेबाचे कान लाल झाले. आपण कशाच्या पाया पडलो हे त्याला राजधानीत कोणाला कळायला नको होतं. त्यानं पिंजर भरलेल्या खांडी एकेक करून बघितल्या, या खेपेला काठी खुपसून बघितल्या, आणि नावेनं परत गेला. संक्रांतीनंतर वाकण्याच्या खांडींसाठी पैसा मंजूर झाला. खडी गावाचीच होती. उरलेल्या कामाला सरकारी गाड्या आल्या, आणि तो दगडी रूळ या काठाला फिरला. लोहार परत आला. सुतार आला नाही. त्याचं तिकडे बरं चाललं होतं, आणि गावानं ते त्याला कधी माफ केलं नाही.

पण बायजाक्काच्या डोळ्यांतलं सगळं त्या धोंड्यात गेलं होतं. तिच्यासमोर पापड वाळायला लागले. माठ टिकायला लागले. एकदा ती नदीवर बसली असताना पलीकडून शिंदोळीच्या गाड्या एकामागे एक गेल्या, आणि ती म्हणाली, "चांगला झालाय त्यांचा रस्ता."

भिवरानं सासूच्या कपाळाला हात लावून बघितला. "आत्याबाई, बरं वाटतंय न्हवं?"

गाव घाबरलं. कोणी मुद्दाम येऊन सांगायचं, शिंदोळी रस्त्याकडेला झाडं लावणार आहे. ती म्हणायची, लावू देत. कोणी सांगायचं, शिंदोळीला संस्थानचे राजे येणार आहेत. ती म्हणायची, येऊ देत. भिवरानं भावजयीच्या पाटल्या मागून आणून तिच्यापुढे वाजवल्या. ती म्हणाली, "तुला शोभतील." भिवरा मागच्या दारी जाऊन रडली.

पुढच्या पावसाच्या आधी बायजाक्का अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवशी तिनं भिवराला जवळ बोलावलं.

"शिंदोळीत कोण म्हातारी आजारी हाय का गं?"

"हाय की. माळावरची तान्हाबाई. का?"

"तिच्या मयताला माणसं जास्त आली तर?" बायजाक्का म्हणाली. "बघ काही तरी."

ते ऐकून घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. संध्याकाळी ती गेली. तिला नेलं तेव्हा वाकणे सगळं आलं, आणि नावा भरभरून शिंदोळीही आली. मागची माणसं गावात होती तेव्हा पुढची फुटलेल्या धोंड्याच्या जागेवर पोचली होती. तान्हाबाईला एवढी माणसं आली नाहीत. भिवरानं तेवढ्यासाठी तिच्याही मयताला जाऊन बघितलं, असं म्हणतात.

आता संस्थान गेलं, सरकार आलं, रस्ता डांबरी झाला. तरी दर पावसात घोगरी थोडा रस्ता नेतेच, आणि दुरुस्तीचा पैसा अजूनही शिंदोळीला आधी मिळतो. पण कोणी अधिकारी रस्ता बघायला येणार असला, तर वाकण्यात त्या दिवशी रस्त्यावर केरसुणी फिरवत नाहीत. त्याला अक्काची आण म्हणतात. कोणी नवी सून चुकून अंगणापुढचं झाडायला गेली तर शेजारीण तिच्या हातातून केरसुणी काढून घेते.

आणि पाऊस उघडला की एका सकाळी गाव त्या जागी जमतं. तिथे देऊळ नाही, दगड नाही. हात कोणी जोडत नाही. प्रत्येकानं ओंजळभर खडी घेऊन शिंदोळीकडे तोंड करायचं, त्यांचं काय आपल्यापेक्षा चांगलं आहे ते मोठ्यानं सांगायचं, आणि खडी खड्ड्यात टाकायची. त्यांची शाळा. त्यांची पाण्याची टाकी. त्यांचा दवाखाना, त्यांच्या पोरांच्या नोकऱ्या. नव्या सुना लाजतात, पण एकदा सुरू झाल्या की त्यांना आवरावं लागतं. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत खड्डे भरलेले असतात.

गेल्या वर्षी शिंदोळीचे लोक पलीकडच्या काठावर उभे राहून हे ऐकत होते. पाणी कमी होतं, वारा पडला होता. त्यांच्यातली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "आपल्यात अशी एक बाई कधी झाली न्हाई बघ."

ते या काठाला स्पष्ट ऐकू आलं. त्या दिवशी रस्त्यानं घरी परतताना वाकण्याचे सगळे नेहमीपेक्षा जरा सावकाश चालले.